'फुकटे' या शब्दाबद्दल: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

गेल्या महिन्यात मी घरच्या जुन्या लॅपटॉपवर, वेगळे काहीही विकत न घेता, ब्राउझरच्या टॅबमध्येच टॉरेन्ट लावून व्हिडिओ उतरत असतानाच पाहण्याची पद्धत लिहिली होती. टॉरेन्टमध्ये फाइल एका सर्व्हरवरून न येता ती वापरणाऱ्यांच्याच यंत्रांकडून तुकड्यातुकड्यांनी येते; अशा प्रत्येक यंत्राला पीअर म्हणतात, त्या सगळ्यांच्या गटाला स्वॉर्म, आणि हे काम करणाऱ्या प्रोग्रामला क्लायंट. त्या लेखाखाली परवा एका वाचकाने टोपणनावाने प्रतिक्रिया दिली, ती अशी: "ताई, आधी प्रोटोकॉल नीट वाचा आणि मग लोकांना शिकवा. ब्राउझरमध्ये टॉरेन्ट पाहणारे लोक फुकटे असतात. पाहून झाले की टॅब बंद करतात, स्वॉर्मला काही परत देत नाहीत. शिवाय नेहमीच्या क्लायंटचे पीअर ब्राउझरला दिसत नाहीत, एमकेव्ही चालत नाही, आयपी सगळ्यांना दिसतो आणि शेवटी हे सगळे चोरीचेच दुकान. अर्धवट माहितीवर लेख पाडू नका." ही प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही, परंतु तिला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे होणे मला जमत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

तुमची एक गोष्ट बरोबर आहे आणि ती मी आधीच मान्य करते. लेखात मी "कोणतीही व्हिडिओ फाइल टाका, चालेल" असे लिहिले होते, ते चूक होते. एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज असलेली एमपी४ फाइल किंवा वेबएम फाइल टॅबमध्ये सरळ चालते. एमकेव्ही मात्र बहुतेक ब्राउझर नाकारतात, आणि चित्र दिसले तरी एसी-३ प्रकारचा आवाज असेल तर मुका चित्रपट पाहावा लागतो. ते वाक्य मी काल रात्री दुरुस्त केले आहे आणि शेजारी दुरुस्तीची तारीख घातली आहे.

आता 'ताई'बद्दल. आमच्या भागात हा शब्द आदराने वापरतात, प्रयोगशाळेतील विद्यार्थी मला रोज याच नावाने हाक मारतात, आणि त्या शब्दाशी माझे काहीही भांडण नाही. भांडण आहे ते त्याला जोडून आलेल्या "आधी नीट वाचा"शी. मी पुरुषाच्या नावाने लिहीत असते, तर हेच वाक्य "सर, एक शंका आहे" असे सुरू झाले असते, याविषयी मला फारसा संशय नाही. माझे काय चुकले ते सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे. मी काय वाचले आहे आणि काय नाही हे ठरवण्याचा हक्क तुम्हाला कोणी दिला, एवढेच मला विचारायचे आहे.

कारण मी वाचले आहे, आणि नुसते वाचलेले नाही. २००७ साली मी मिरजेत एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून लागले, तेव्हा तिथे २५६ केबीपीएसची जोडणी होती आणि तिच्यावर रात्री दोन ते सकाळी आठ एवढाच वेळ डेटा मोजला जात नसे. उबुंटू या मोफत संगणकप्रणालीच्या ७.०४ या आवृत्तीची सीडी सातशे एमबीच्या आसपास भरायची. कागदावरचा पूर्ण वेग मिळाला तरी सेकंदाला ३२ केबी, म्हणजे एका सीडीला सव्वासहा तास लागणार आणि हातात मात्र सहाच तास. शेवटचे काही तुकडे नेहमी दुसऱ्या रात्रीवर जायचे. त्यात लोडशेडिंग. ब्राउझरमधून सरळ उतरवलेली फाइल वीज गेली की पुन्हा शून्यावर यायची. टॉरेन्टची फाइल मात्र यंत्र सुरू झाले की आधी प्रत्येक तुकड्याचा हॅश (तुकडा बिनचूक आहे की नाही ते सांगणारा त्याचा ठसा) तपासायची आणि जिथे थांबली होती तिथून पुढे चालू लागायची. तुकडा म्हणजे काय, हॅश कशासाठी असतो आणि सीडर, म्हणजे पूर्ण फाइल जवळ ठेवून ती देत राहणारा पीअर, नसेल तर काय होते, हे मी असे शिकले आहे. ती सीडी पूर्ण उतरल्यानंतर पुढच्या दोन रात्री मी यंत्र तसेच चालू ठेवत असे, कारण ज्यांनी मला दिले त्यांनीही कुठेतरी रात्रभर यंत्र चालू ठेवले होते. त्या काळापासून मी टॉरेन्ट वापरते आहे, आणि मला फुकटी म्हणणारे तुम्ही पहिले आहात.

म्हणून त्या एका वाक्याकडे मी नीट वळते.

ब्रॅम कोहेन यांनी २००१ साली बिटटॉरेन्ट आणला, तेव्हापासून त्याच्या गाभ्याशी 'देशील तर घेशील' हा व्यवहार आहे. मूळ क्लायंट दर दहा सेकंदांनी हिशेब करतो की आपल्याला कोण वेगाने देत आहे. जे देतात त्यांच्यासाठी दार उघडे राहते, बाकीच्यांसाठी ते तात्पुरते मिटते. परंतु नव्याने आलेल्या पीअरकडे द्यायला एकही तुकडा नसतो, त्यामुळे दर तीस सेकंदांनी एक दार कोणताही हिशेब न पाहता उघडण्याची सोयही त्यातच आहे. ब्राउझरच्या टॅबमध्ये टॉरेन्ट चालवणाऱ्या वेबटॉरेन्टने यातले काहीही मोडलेले नाही. यंत्रांमधल्या जोडणीसाठी टीसीपीच्या जागी ब्राउझरला जमणारे वेबआरटीसी आले, कोणते पीअर कुठे आहेत ते सांगणाऱ्या ट्रॅकरशी बोलणे वेबसॉकेटवरून होऊ लागले; तुकडे तेच, हॅश तोच आणि देवाणघेवाणही तीच. टॅब उघडा असेपर्यंत उतरलेला प्रत्येक तुकडा इतरांना दिला जात असतो, आणि त्यासाठी पाहणाऱ्याला एकही बटण दाबावे लागत नाही.

यावर तुम्ही म्हणाल की, पाहणारा माणूस दुर्मीळ तुकडा आधी न घेता क्रमाने घेतो आणि त्यामुळे स्वॉर्म अशक्त होतो. तसे तुम्ही लिहिलेले नाही, पण प्रोटोकॉल वाचलेल्या माणसाने लिहायला हवे होते ते हेच, म्हणून त्याचेही उत्तर देते. क्रमाने पाहणारा माणूस त्याच्यामागून पाहायला बसलेल्या प्रत्येकाला उपयोगी पडतो, कारण जो पाच मिनिटे पुढे आहे त्याच्याकडे नेमके तेच तुकडे असतात जे पाच मिनिटे मागे असलेल्याला आता हवे आहेत. मागचा माणूस पुढच्याला काही देऊ शकत नाही हे खरे आहे. पण म्हणूनच सीडर असतात, आणि पाहून झाल्यावर टॅब उघडा ठेवणारा प्रत्येक प्रेक्षक हा सीडरच असतो.

तो ठेवता येतो का, आणि त्याने काय साधते, हे घरातल्या उदाहरणाने सांगते. लेखात मी ब्लेंडर फाउंडेशनचा 'सिंटेल' हा २०१० सालचा लघुपट नमुना म्हणून घेतला होता, कारण तो खुल्या परवान्याखाली आहे आणि वेबटॉरेन्टच्या प्रात्यक्षिकात तोच वापरतात. फाइल सुमारे १२९ एमबीची, लांबी पंधरा मिनिटांच्या आतली, आणि १२८ केबीचे जवळपास हजार तुकडे. म्हणजे पाहण्यासाठी सेकंदाला दीडशे केबीदेखील लागत नाहीत. हल्ली घरोघरी आलेल्या फायबर जोडणीत जाण्याचा वेगही येण्याइतकाच असतो, त्यामुळे घेणारे समोर असतील, तर जेवढे घेतले तेवढे परत करायला पंधरा मिनिटेही पुरतात.

मागच्या सोमवारी रात्री माझ्या मुलीने तो जेवणानंतर पाहिला. पाहून होईपर्यंत पानाच्या वरच्या पट्टीत उतरवलेला आकडा १२९ आणि चढवलेला ४१ झाला होता. ती उठली आणि सवयीने लॅपटॉपचे झाकण मिटले. पण झाकण मिटल्यावर यंत्राने झोपी जाऊ नये अशी सेटिंग मी लॅपटॉपच्या डेबियन या संगणकप्रणालीत आधीच केलेली आहे, आणि वापरात नसलेले टॅब झोपवणाऱ्या क्रोमच्या मेमरी सेव्हरमध्ये ही साइट कायम जागी ठेवायच्या यादीत घातलेली आहे. या दोन्ही गोष्टी माझ्या लेखात चौथ्या परिच्छेदात चित्रांसह दिल्या आहेत, आणि त्या कशासाठी हेही तिथेच लिहिले आहे: टॅब मरू नये आणि देणे चालू राहावे यासाठी. सकाळी दूध तापवायला उठले तेव्हा राउटरचा दिवा लुकलुकत होता. झाकण उघडून पाहिले तर चढवलेला आकडा ३१२ वर गेला होता. एका मुलीने एकदा पाहिलेल्या लघुपटाच्या बदल्यात आमच्या घरातून त्याच्या जवळजवळ अडीच प्रती बाहेर गेल्या. यात फुकटेपणा कुठे आहे, तो मला दाखवा.

पाहून झाल्यावर टॅब बंद करणारे लोक असतात, हे मी नाकारत नाही. परंतु फाइल शंभर टक्के झाल्याबरोबर यादीतून काढून टाकणारे लोक तुमच्या नेहमीच्या क्लायंटमध्येही पहिल्या दिवसापासून आहेत, आणि त्यावरून कोणी त्या क्लायंटना नावे ठेवत नाही. सवय माणसाची असते. ज्या गृहिणीने, ज्या निवृत्त शिक्षकाने कधी क्लायंट बसवलाच नसता, तो माणूस एका दुव्यावर बोट ठेवून स्वॉर्ममध्ये येतो आणि नकळत देऊ लागतो. त्याला टॅब उघडा ठेवायला शिकवणे हे माझ्या लेखाचे काम होते. तुम्ही त्याला दारातच फुकटा म्हणून मोकळे झालात. मला राग आला तो माझ्यापेक्षा त्याच्यासाठी अधिक आला, हे मी लपवत नाही.

उरलेल्या मुद्द्यांवर फार लिहिण्यासारखे काही नाही. नेहमीचे पीअर ब्राउझरला दिसत नाहीत हे लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे, आणि नेहमीच्या आणि ब्राउझरमधल्या अशा दोन्ही पीअरशी बोलणारा वेबटॉरेन्ट डेस्कटॉप हा क्लायंट त्याच लॅपटॉपवर दुवा म्हणून का चालू ठेवायचा हेही तिथेच आहे. तुम्ही तो परिच्छेद ओलांडून आलात. आयपी प्रत्येक टॉरेन्टमध्ये दिसतो, त्याला ब्राउझरने काही नवे केलेले नाही. चोरीबद्दल बोलायचे तर माझ्या लेखात खुल्या परवान्याची आणि स्वामित्वहक्काची मुदत संपलेली कामे सोडून एकाही फाइलचे नाव नाही. इंटरनेट आर्काइव्ह २०१२ सालापासून आपल्या संग्रहाचे टॉरेन्ट स्वतः देत आहे, आणि त्यात त्यांचे सर्व्हर वेबसीड म्हणून, म्हणजे साध्या वेबवरून तुकडे देणारे सीडर म्हणून, उभे असतात. त्या संस्थेलाही तुम्ही चोरीचे दुकान म्हणणार असाल, तर आपले बोलणे इथेच थांबलेले बरे.

एमकेव्हीची दुरुस्ती तुमच्यामुळे झाली, त्याबद्दल आभार मानते आणि ते मनापासून मानते. तुमच्या प्रतिक्रियेतला दुसरा एकही शब्द मला पटलेला नाही. पुन्हा लिहायचे असेल तर जरूर लिहा. फक्त त्या वेळी तुमच्या क्लायंटमधला गेल्या महिनाभराचा रेशोही, म्हणजे घेतले त्याच्या किती पट दिले तो आकडाही, सोबत लिहा, म्हणजे फुकटा कोण यावर आकडे समोर ठेवून बोलता येईल. एका फाइलचा माझा आकडा वर दिला आहे, बाकीचेही मी द्यायला तयार आहे.