कोनसेट नुसता आवळून भागत नाही

नमस्कार. मोटरसायकलच्या दुरुस्तीबद्दलच्या माझ्या सल्ल्यावर आपले आक्षेप दोन आहेत. कोनसेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते वरचं-खालचं बेअरिंग: वाट्या आणि त्यांतले छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या. 'ब्रेक मारल्यावर पुढून टक-टक आली की कोनसेट आवळायचा, बदलायला सांगून लोकांना खर्चात कशाला पाडता?' हा पहिला. 'शॉकअपमध्ये इंजिन ऑइल सर्रास चालतं, वेगळं फोर्क ऑइल म्हणजे चोचले' हा दुसरा. शॉकअप किंवा फोर्क म्हणजे पुढच्या चाकाचे दणके झेलणारे दोन पाय. दुसऱ्यात थोडं तथ्य आहे. पहिल्यात मात्र धोका आहे.

गाडी चालते तेव्हा हँडल बहुतेक वेळ सरळच असतं. त्यामुळे खड्ड्यांचे दणके छर्र्यांतून वाटीवर त्याच त्या जागी बसतात आणि तिथे बारीक खळगे पडतात. खालच्या वाटीत आधी, कारण भार तिच्यावर जास्त आणि चाकाने उडवलेलं पाणी-चिखलही तिथेच पोचतं. खळगे पडले की हँडल मध्यावर सैल आणि बाजूला घट्ट होतं. अशा वेळी मधली ढिलाई काढायला नट आवळलात, तर आवाज थांबतो, पण हँडल वळवताना अडकतं. तोल सावरण्यासाठी लागणाऱ्या बारीक हालचाली त्याला करता येत नाहीत आणि सावकाश चालवताना गाडी डावी-उजवीकडे झोके घेते. वाहतुकीत किंवा घाटाच्या वळणावर हे फार वाईट.

म्हणून पाना हातात घेण्याआधी तपासणी. गाडी मेन स्टँडवर, इंजिनखाली लाकडी ठोकळा, पुढचं चाक अधांतरी. हँडल अगदी हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्यावर 'खट्' करून बसल्यासारखं वाटलं, तर वाट्या गेल्या. आवळू नका, वरचा-खालचा पूर्ण संच बदला. जुन्या वाटीत नवे छर्रे टाकणं म्हणजे अर्धवट काम. छर्रे काढताना वरचे-खालचे वेगळे ठेवून मोजा.

हँडल गुळगुळीत फिरतंय, पण बॉटम केस, म्हणजे फोर्कच्या पायाचा खालचा जाड भाग, धरून पुढे-मागे हलवल्यावर ढिलाई जाणवते? मग दुसऱ्या कुणाला हलवायला सांगून खालची टी (फोर्कचे दोन्ही पाय जोडणारा खालचा आडवा भाग; वरही अशीच एक टी असते) आणि चेसिसचं डोकं (चौकटीचा कोनसेट बसतो तो पुढचा भाग) यांच्या फटीवर बोट ठेवा. हालचाल तिथे असेल, तर दोष कोनसेटचा. डस्ट सीलपाशी, म्हणजे बॉटम केसच्या तोंडावरच्या धूळ अडवणाऱ्या रबरापाशी असेल, तर फोर्कच झिजलाय आणि कोनसेट कितीही आवळला तरी उपयोग नाही. पुष्कळदा नेमकी इथेच गल्लत होते.

आपण म्हणता तसं आवळायचंच असेल, तर पद्धत अशी. वरचा मोठा नट सैल करा आणि वरच्या टीचे फोर्क पाइप (बॉटम केसमध्ये सरकणाऱ्या नळ्या) पकडणारे बोल्टही सैल करा. हे बोल्ट विसरलात तर टी पाइपांना घट्ट धरून राहते आणि ताण कोनसेटपर्यंत नीट पोचत नाही. त्याखालचा, कोनसेटवर ताण देणारा खाचांचा नट हूक पान्याने (खाचेत अडकणाऱ्या आकड्याच्या पान्याने) आवळा, हँडल पाच-सहा वेळा टोकापर्यंत फिरवा, मग नट साधारण एक अष्टमांश फेरा मागे घ्या. वरचा नट कसल्यावर पुन्हा तपासा, कारण त्याने ताण थोडा वाढतोच. शेवटी पाइपांचे बोल्ट. हँडल मध्यावरून किंचित ढकललं की ते आपल्या वजनाने टोकापर्यंत गेलं पाहिजे. मध्येच थांबलं तर आधी केबल अडते का ते बघा.

आता ऑइल. इंजिन ऑइल टाकल्याने फोर्क लगेच बिघडत नाही, हे मान्य. पण २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० (हे आकडे ऑइलच्या दाटपणाचे) हे १०डब्ल्यू फोर्क ऑइलपेक्षा कितीतरी दाट. दबलेला फोर्क पुढचा खड्डा येईपर्यंत पूर्ण उघडत नाही, लागोपाठच्या खड्ड्यांत तो खाली-खाली बसत जातो आणि दणका थेट मनगटात येतो. तोच दणका कोनसेटच्या वाटीवरही बसतो. म्हणजे आपले दोन्ही मुद्दे एकमेकांत गुंतलेले आहेत.

प्रमाणाबाबत मात्र सूट नाही. मॅन्युअलमधला मिलिलिटरचा आकडा बहुधा पूर्ण खोललेल्या फोर्कचा असतो. नुसतं ऑइल काढून बदलताना थोडं आतच राहतं, तेवढं कमी भरा. दोन्ही पायांत सारखं. ऑइल जास्त झालं की वरची हवेची जागा घटते, फोर्क शेवटी दगडासारखा होतो आणि सीलवर दाब येतो.

सील (फोर्कमधलं ऑइल अडवणारं रबर) गळत असेल, तर नवा बसवण्याआधी पाइपवर नख फिरवा. गंजाचा खड्डा नखाला लागला, तर पाइपचं बघावं लागेल. तसाच ठेवलात तर नवा सीलही फाटेल आणि ओघळलेलं ऑइल पुढच्या ब्रेकवर येऊ शकतं.