‘चूक कामगाराची, भरपाई शून्य’ म्हणे!

‘कामगार बंधूंनो सावधान! अपघात भरपाईची सात कडवी सत्यं’ असा लाल भोंग्यांनी सजलेला मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. मला तीनदा आला, तीनदा पुसला. चौथ्यांदा तो माझ्या आतेभावाने पाठवला आणि खाली लिहिलं, ‘दादा, जाऊ दे मग. चूक माझीच होती.’

आता मात्र गप्प बसवत नाही.

तो भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशीनखाली पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, ऑपरेटर. सात माणसांचं शॉप, पगार १४ हजार, वय ३५. ऑगस्ट २०२५ मध्ये डायमध्ये (साच्यात) अडकलेला जॉब, म्हणजे पत्र्याचा तुकडा, काढताना स्लाइड (मशीनचा वरून दाबणारा भाग) खाली आली आणि डाव्या हाताची दोन बोटं मुळापासून गेली. त्याच्या पॉवर प्रेसला दोन बटणं आहेत. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय स्लाइड हलायचीच नाही, म्हणजे हात आत राहण्याचा प्रश्नच नको. या मशीनच्या एका बटणात पुठ्ठ्याची घडी खुपसून वर चिकटपट्टी मारलेली होती. कोणी? सुपरवायझरने, प्रॉडक्शन निघावं म्हणून. आणि चूक कोणाची म्हणे? आतेभावाची, कारण ‘लक्ष नव्हतं’.

तर मेसेजमधलं सत्य क्रमांक एक: ‘कामगाराच्या चुकीने अपघात झाला तर दमडीही मिळत नाही.’ साफ खोटं. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचं कलम ३ काढून वाचा. मालकाला सुटायच्या वाटा तिथे मोजून दिल्यात: कामगार नशेत होता, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम किंवा नियम त्याने जाणूनबुजून मोडला, सुरक्षेचं साधन मुद्दाम काढलं. बेसावधपणा, घाई, डुलकी यांतलं काहीही त्या यादीत नाही. आणि मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर या तीन सबबीही चालत नाहीत. बरं, गार्ड स्वतःच मुद्दाम काढून बोट घालवलं तर हक्क जाऊ शकतो, हे मान्य. मेसेजवाल्याने बहुधा एवढंच कुठेतरी अर्धवट ऐकलं असावं. पण ‘मुद्दाम’ हे मालकाने सिद्ध करायचं असतं, आणि इथे तर चिकटपट्टी त्याच्याच माणसाची.

‘दमडी’ म्हणजे नेमकी किती, तेही बघू. कायद्याच्या हिशेबाने पगाराचे ६० टक्के ८,४००. कायद्याच्या तक्त्यात वयाच्या ३५ व्या वर्षाचा गुणक १९७.०६. गुणाकार १६,५५,३०४. एका हाताची दोन बोटं गेली की पहिल्या परिशिष्टाप्रमाणे कमाईची क्षमता २० टक्के घटली असं धरतात. झाले ३,३१,०६१ रुपये. दवाखान्याचा खर्च वेगळा. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर वर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. मालकाने काय देऊ केलं? पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर सही घेऊन चाळीस हजार.

त्या स्टॅम्पपेपरचंही एक ‘सत्य’ आहे: ‘सही केली की विषय संपला.’ संपत नाही. कलम १७ म्हणतं, भरपाईचा हक्क सोडणारा करार रद्दबातल.

‘कंत्राटी कामगाराला हक्क नाही.’ आहे. कंत्राटदाराने हात वर केले तरी मूळ मालकाकडे मागता येतं, कलम १२.

‘कामावर जाताना अपघात झाला तर नाही.’ उस्मानाबादकडच्या साखर कारखान्याचा एक रखवालदार २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला निघाला आणि कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर अपघातात गेला. त्याच्या घरच्यांना मंजूर झालेले ३,२६,१४० रुपये मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये नाकारले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल तर येण्याजाण्याच्या वाटेवरचा अपघातही कामातलाच. बावीस वर्षं लागली, हे मात्र कडवंच.

पाचवा मुद्दा, ‘ईएसआय असेल तर मालकाकडून भरपाई नाही’, खरा आहे, पण अर्धाच. तिथे पैसे ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, देतं: सुट्टीच्या काळात पगाराच्या ९० टक्के, कायमच्या अपंगत्वाला दरमहा रक्कम. सात माणसांच्या शॉपला ईएसआय नाही, म्हणून आमचा हिशेब १९२३ च्या कायद्याने.

‘नवीन कोड आले, जुना कायदा रद्द.’ हो, २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. पण भरपाई तिथेही आहे, सातव्या प्रकरणात. आणि आमचा अपघात त्याआधीचा.

सगळ्यात तळाशी ठळक अक्षरांत: ‘४८ तासांत अर्ज केला नाही तर हक्क संपला.’ हे कुठून आलं देव जाणे. अपघाताची खबर लवकरात लवकर द्यायची, अर्जाला मात्र १९२३ च्या कायद्यात दोन वर्षं आहेत. आतेभावाच्या हातात ऑगस्ट २०२७ पर्यंतचा वेळ होता. त्यातले तीन महिने या मेसेजने खाल्ले. सोमवारी त्याला घेऊन वकिलाकडे जातोय.