ते बाळ

लस टोचायला नेलेली माझी साडेतीन महिन्यांची मुलगी परवा बसल्या जागी मुलगा झाली. कारण एवढंच की तिच्या अंगात थोरल्या भावाचं निळं झबलं होतं आणि छातीवर ट्रॅक्टर. झबलं धुतलेलं होतं, वाळलेलं होतं आणि हाताला लागलं. घरात तान्हं बाळ असताना कपडे निवडायचे याहून वेगळे निकष नसतात.

डॉक्टरांकडे शेजारी एक काका नातवाला मांडीवर घेऊन बसले होते.

"काय म्हणतोय पैलवान?"

"मुलगी आहे," मी म्हणालो.

विषय इथे संपायला हवा होता. काकांनी आधी बाळाकडे पाहिलं, मग ट्रॅक्टरकडे, मग माझ्याकडे. तिघांत सगळ्यात कमी विश्वास माझ्यावर बसला.

"नाही हो. मुलगाच आहे."

"काका, मी बाप आहे तिचा."

"ते बरोबर आहे. पण निळं घातलंय ना!"

हे त्यांनी इतक्या समजुतीच्या सुरात सांगितलं की क्षणभर मलाच लंगोट सोडून खात्री करून घ्यावीशी वाटली.

"थोरल्याचं झबलं आहे ते."

"बघा! म्हणजे मुलाचंच."

"झबलं मुलाचं. मुलगी मुलीची... म्हणजे, मुलगी मुलगीच आहे."

अडखळलो आणि तिथेच हरलो. काकांनी आवाज खाली आणला. "घरी विचारलंत का एकदा? मिसेसना माहीत असेल."

मग त्यांनी तडजोड सुचवली. "हेअरबँड तरी लावायचा."

"केस कुठे आहेत तिला?"

"म्हणूनच तर. केस असते तर आम्हाला कळलं नसतं का?"

मला थोडंफार वाचायची खोड आहे आणि ती नको तिथे उफाळते. म्हटलं, काका, 1918 साली अमेरिकेत लहान मुलांच्या कपड्यांच्या धंद्यातल्या एका मासिकानं चक्क उलटं छापलं होतं. गुलाबी मुलांना, कारण तो ठाम, जोरकस रंग. निळा मुलींना, कारण तो नाजूक. त्याच्या आधी तर मुलगा असो की मुलगी, अंगात पांढरा फ्रॉकच. कितीही घाण झाला तरी ब्लीच करून पुन्हा पांढरा होतो म्हणून. फ्रँकलिन रूझवेल्टचा 1884 सालचा फोटो आहे. अडीच वर्षांचं पोर, लांब केस, पांढरा फ्रॉक. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून चार वेळा निवडून आले.

"चार वेळा?" काका गंभीर झाले. "म्हणजे लोकांना शेवटपर्यंत कळलंच नाही?"

यावर काय बोलणार! खरं तर आपल्या भाषेनं या भानगडीतून सुटायची सोय आधीच करून ठेवली आहे. तो आणि ती यांच्या जोडीला तिनं एक ते ठेवलं आणि बाळाला नेमकं तेच दिलं. ते बाळ. त्याचं झबलं, त्याचं टोपडं, त्याचं दुपटं, सगळं नपुंसकलिंगी. एक लंगोट तेवढा पुल्लिंगी. पण तो भिजवताना मुलगा-मुलगी असा भेद कुणी केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. व्याकरणाला जे सुचलं ते कपडेवाल्यांना का सुचू नये?

सुचतं, पण परवडत नाही. दुकानात एक भिंत गुलाबी आणि एक निळी केली की थोरल्याचं झबलं धाकटीला चालत नाही आणि बाप पुन्हा पाकीट उघडतो. जिच्यासाठी हे चाललंय तिला पहिले काही आठवडे रंग धड दिसतसुद्धा नाहीत. गोष्ट रंगावर थांबती तरी मी गप्प बसलो असतो. माझ्या पुतणीच्या जीन्सला खिसा नाही, खिशाची शिवण आहे. खिशाचं चित्रच म्हणा ना! तिच्या भावाच्या पँटला चार खिसे, चारही रिकामे. ही सापडेल तो खडा, पीस, बी गोळा करते आणि ठेवते माझ्या खिशात. तिच्या टी-शर्टवर मात्र 'राजकन्या' लिहिलंय. राजकन्येचे खडे उचलायला नोकर असतात, असा हिशेब असावा. तो नोकर मी.

माझा थोरला हे सगळं ऐकत शेजारी बसला होता. त्याची पाण्याची बाटली गुलाबी आहे, त्यानंच हट्टानं निवडलेली. काकांचं प्रवचन चालू असताना ती त्यानं हळूच पिशवीत ढकलली आणि वर रुमाल टाकला. तहान लागली का विचारलं तर नाही म्हणाला. तोवर मला मजाच वाटत होती. तेव्हा मात्र काकांचा खरोखर राग आला.

तो व्यक्त करायला मी तोंड उघडलं आणि आतून माझ्या मुलीचं नाव पुकारलं. मी उठलो. काकांनी माझा दंड धरला.

"बसा, बसा. मुलीचं नाव घेतलंय त्यांनी."

त्यांच्या हातातून दंड सोडवेपर्यंत पुढचा नंबर पुकारून झाला होता. तो त्यांच्या नातवाचा होता.