फेकता येत नाही, तर झेलू द्या? एका लाडक्या सल्ल्याचा प्रतिवाद

अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा हंगाम निम्म्यावर आला की एक सल्ला हमखास कानावर पडतो. एखाद्या संघाचा क्वार्टरबॅक चपळ असतो, पळून सामने फिरवतो, पण त्याचे पास भरकटतात. मग चाहते, समालोचक आणि कधी कधी मोठमोठे माजी व्यवस्थापकही म्हणू लागतात की त्याला रिसीव्हर करा. ज्यांची मुले ओहायो किंवा मिशिगनच्या विद्यापीठांत शिकतात अशा तिथल्या मराठी घरांतही शनिवारच्या सामन्यासमोर बसून हे वाक्य उच्चारले जाते. त्यामागचा युक्तिवाद साधारण असा असतो: क्वार्टरबॅकला समोरच्या संघाचा बचाव वाचता येतो, म्हणजे रिसीव्हरचे निम्मे काम त्याला आधीच येते, वेग त्याच्याकडे आहेच, ज्युलियन एडलमन आणि अँटवान रँडल एल यांनी हे करून दाखवले आहे, नाहीच जमले तर तो आपल्या जागी परत येऊ शकतो, आणि एवढे असूनही जो नकार देतो, त्याला संघापेक्षा स्वतःचा मोठेपणा प्यारा आहे. युक्तिवाद नेटका आहे, म्हणूनच तो पसरतो. त्यातले एकेक विधान सुटे करून पाहिले, तर हाती फारसे काही लागत नाही.

हा खेळ फारसा न पाहिलेल्यांसाठी एवढे सांगणे पुरेसे आहे की प्रत्येक चालीच्या सुरुवातीला चेंडू क्वार्टरबॅकच्या हाती येतो आणि तो कोणाकडे जावा हे तोच ठरवतो; रिसीव्हर ठरलेल्या मार्गाने धावून, बचावपटूला चुकवून, तो चेंडू झेलतो. दोघेही एकाच चालीचे भागीदार असले, तरी त्यांची कामे फार वेगळी आहेत.

बचाव वाचता येण्याचा मुद्दा प्रथम घेऊ, कारण तो सर्वांत शहाणपणाचा वाटतो. क्वार्टरबॅक बचाव वाचतो हे खरे आहे, पण तो वाचतो मागे उभा राहून, समोर सगळे मैदान पसरलेले असताना, आणि चेंडू कुठे टाकायचा हे ठरवण्यासाठी. रिसीव्हरला एकदोघा बचावपटूंची हालचाल धावता धावता हेरायची असते आणि तिचे उत्तर डोक्याने नव्हे, पायांनी द्यायचे असते. रिसीव्हरच्या मार्गांना शून्य ते नऊ असे आकडे देण्याची जुनी पद्धत आहे. तिच्या रूढ रूपात विषम आकड्यांचे मार्ग कडेच्या रेषेकडे वळतात आणि सम आकड्यांचे मध्याकडे. हे आकडे क्वार्टरबॅकला तोंडपाठ असतात. पण कितव्या पावलावर वळायचे, वळताना कोणता पाय रोवायचा, पूर्ण वेगात असलेली कंबर कधी खाली आणायची आणि हे सगळे समोरच्याला सुगावा न लागू देता कसे करायचे, हे त्याने कधीच केलेले नसते.

चाल सुरू होतानाचा क्षण जवळून पाहिला की फरक स्पष्ट दिसतो. कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरवर पहारा ठेवणारा बचावपटू, हातभर अंतरावर, गुडघे वाकवून, रिसीव्हरच्या छातीवर नजर ठेवून उभा असतो. चेंडू हलताच त्याचे दोन्ही तळवे छातीवर आदळतात. रिसीव्हरला पहिल्या पावलात त्याला एका बाजूला झुकवावे लागते, त्याचा हात मनगटापाशी झटकावा लागतो, खांदा आत घालून त्याच्या शेजारून निसटावे लागते, आणि एवढे करूनही ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी पोहोचावे लागते, कारण चेंडू तोवर हातातून सुटलेला असतो. आता याच्या उलट क्वार्टरबॅकची घडण पाहा. सरावात त्याचा जर्सी वेगळ्या रंगाचा असतो आणि त्या रंगाचा अर्थच असा असतो की याला कोणी हात लावायचा नाही. वर्षानुवर्षे ज्याला धक्क्यापासून जपले, त्याला प्रत्येक चालीची सुरुवात धक्क्याने करायला सांगणे म्हणजे त्याची निम्मी तयारी झाली आहे असे म्हणणे नव्हे. शिवाय चेंडू दुसरा कोणी घेऊन पळत असेल तेव्हा रिसीव्हरने बचावपटूला अडवून धरायचे असते, आणि या कष्टाच्या कामाचा उल्लेख त्या सल्ल्यात कधीच येत नाही.

या मुद्द्यात तथ्याचा अंश आहे, तो मात्र नाकारता येणार नाही. बचावाची मांडणी पाहून रिसीव्हरने ऐन वेळी आपला मार्ग निवडावा अशा चाली असतात, आणि तिथे क्वार्टरबॅकच्या मनात काय चालले असेल हे ओळखणारा खेळाडू मोलाचा ठरतो. फक्त हा फायदा मिळतो तो बाकीची विद्या अंगवळणी पडल्यावर.

वेगाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. आर्कान्सॉ विद्यापीठाचा क्वार्टरबॅक मॅट जोन्स सहा फूट सहा इंच उंच होता आणि ड्राफ्टपूर्व (व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडतात त्याआधीच्या) चाचणीत त्याने 40 यार्ड 4.37 सेकंदांत पार केले होते. त्या आकड्यांवर भाळून एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या जॅक्सनव्हिल संघाने 2005 मध्ये त्याला पहिल्याच फेरीत, 21व्या क्रमांकावर, रिसीव्हर म्हणून घेतले. हंगामात झेलून हजार यार्ड काढणे हे चांगल्या रिसीव्हरचे माप मानतात; चार हंगामांत एकदाही त्याचे हजार यार्ड झाले नाहीत आणि त्यानंतर तो लीगबाहेर गेला. मैदानाबाहेरच्या भानगडी त्याला नडल्या हे खरे, पण मैदानावरही तो पहिल्या फेरीच्या अपेक्षेजवळ कधी पोहोचला नव्हता. सरळ रेषेत धावण्याचा वेग हा रिसीव्हरच्या उपयोगाचा असतो, पण कोणी समोर उभे नसताना घेतलेली ती चाचणी कोणी समोर उभे असताना काय होईल ते सांगत नाही.

सल्ल्याचा सगळा डोलारा उभा आहे तो एडलमनच्या नावावर. केंट स्टेटचा हा क्वार्टरबॅक 2009 मध्ये सातव्या फेरीत, 232व्या क्रमांकावर न्यू इंग्लंडकडे गेला आणि पुढे त्रेपन्नाव्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, 10 झेल आणि 141 यार्डांसह सामन्याचा मानकरी ठरला. एवढेच सांगितले की गोष्ट सोपी वाटते. मधली वर्षे सांगितली की ती तशी राहत नाही. पहिल्या हंगामात त्याचे 37 झेल होते, दुसऱ्यात सात, तिसऱ्यात चार. त्या तिसऱ्या हंगामात तर संघाने त्याला अधूनमधून बचावातही उभे केले. चौथ्यात 21. मुख्य रिसीव्हर वेस वेल्कर संघ सोडून गेल्यावर, 2013 मध्ये, पाचव्या हंगामात कुठे त्याने 105 झेल घेऊन पहिल्यांदा हजार यार्ड ओलांडले. मधल्या काळात तो संघात टिकला याचे एक मोठे कारण म्हणजे विरुद्ध संघाने लाथाडलेले पंट झेलून परत पळण्यात तो पटाईत होता. कॉलेजच्या खेळाडूला रूढ नियमाने मैदानावर चार हंगाम मिळतात. म्हणजे ज्याचे उदाहरण दिले जाते त्याला हातखंडा यायला जेवढा काळ लागला, तेवढी यांची सगळी कारकीर्द असते. आणि सल्ला तर तिसऱ्या हंगामाच्या मध्यावर दिला जातो.

रँडल एलचे उदाहरण याहून बोलके आहे, पण उलट्या दिशेने. इंडियानाचा हा क्वार्टरबॅक 2002 मध्ये पिट्सबर्गने दुसऱ्या फेरीत घेतला आणि नऊ हंगामांत रिसीव्हर म्हणून त्याने एकदाही हजार यार्ड गाठले नाहीत. तरीही तो सर्वांच्या लक्षात आहे, कारण फेब्रुवारी 2006 मध्ये, चाळिसाव्या सुपर बोलमध्ये, त्याने हाइन्स वॉर्डला 43 यार्डांचा टचडाऊन (थेट गुण मिळवून देणारा) पास फेकला. एडलमनच्याही गाजलेल्या क्षणांपैकी एक फेकण्याचाच आहे: जानेवारी 2015 मध्ये बाल्टिमोरविरुद्ध क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीने चेंडू त्याच्याकडे मागे टाकला आणि त्याने तो 51 यार्डांवर डॅनी अ‍ॅमेंडोलाच्या हातात दिला.

ओहायो स्टेटच्या ब्रॅक्स्टन मिलरची गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण सल्ला देणारे तिचा निम्माच भाग सांगतात. मिलर 2012 आणि 2013 अशी सलग दोन वर्षे बिग टेन या विद्यापीठ संघांच्या गटातला सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला होता. ऑगस्ट 2014 मध्ये त्याचा फेकण्याचा खांदा पुन्हा दुखावला, सगळा हंगाम गेला, आणि तेवढ्या अवधीत जे. टी. बॅरेट व कार्डेल जोन्स या दोघा क्वार्टरबॅकांनी मिळून संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. म्हणजे त्याने स्थान बदलले तेव्हा त्याचा खांदा साथ देत नव्हता आणि त्याच्या जागेवर एक सोडून दोन सिद्ध झालेले खेळाडू उभे होते. अशा स्थितीत तो निर्णय योग्यच होता. 7 सप्टेंबर 2015 रोजी व्हर्जिनिया टेकविरुद्ध त्याने 54 यार्डांचा टचडाऊन झेलला आणि नंतर 53 यार्ड पळताना दोन बचावपटूंच्या मध्ये पूर्ण वेगात स्वतःभोवती अशी गिरकी घेतली की ती चित्रफीत अजूनही फिरते. पण त्या गिरकीच्या चालीत चेंडू थेट त्याच्याच हाती दिला गेला होता, एखाद्या क्वार्टरबॅकला देतात तसा. नव्या स्थानावरचा त्याचा सर्वांत गाजलेला क्षण जुन्या स्थानाचा होता. त्या हंगामात त्याला तीसही झेल मिळाले नाहीत. ह्यूस्टनने त्याला 2016 मध्ये तिसऱ्या फेरीत घेतले, पण एनएफएलमधली त्याची सगळी शिदोरी 34 झेलांची राहिली.

क्रिकेटचे दाखले देणारे इथे राहुल द्रविडला पुढे करतात. संघाच्या गरजेसाठी त्याने 2003 च्या विश्वचषकात यष्टिरक्षण केले, मग या मुलांना काय धाड भरली आहे, असा त्यांचा प्रश्न असतो. ग्लोव्ह्ज घातले म्हणून द्रविडची बॅट कोणी काढून घेतली नव्हती. क्वार्टरबॅकला रिसीव्हर करणे म्हणजे नेमके तेच करणे आहे.

परत येण्याचा मुद्दाही याच्याशीच जोडलेला आहे. उदाहरण म्हणून रायन टॅनेहिलचे नाव येते. टेक्सास ए अँड एममध्ये क्वार्टरबॅकच्या स्पर्धेत मागे पडल्यावर तो 2008 मध्ये रिसीव्हर झाला, पहिल्याच हंगामात 55 झेल घेतले, 2010 च्या मध्यावर पुन्हा क्वार्टरबॅक झाला आणि 2012 च्या ड्राफ्टमध्ये आठव्या क्रमांकावर गेला. ही वाट त्याला खुली राहिली ती दोन कारणांनी: रिसीव्हर असतानाही तो क्वार्टरबॅकच्या बैठकांना बसत राहिला, आणि पहिल्या पसंतीच्या क्वार्टरबॅकचा खेळ ढासळला. यातले पहिले प्रशिक्षकाच्या मर्जीवर अवलंबून असते आणि दुसरे नशिबावर. एरवी सरावातले बहुतेक पास पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक फेकतो, उरलेले दुसऱ्या पसंतीचा, आणि रिसीव्हरांच्या रांगेत उभा असलेला माजी क्वार्टरबॅक एकही नाही. टॅनेहिलच्या वाट्याला कॉलेजमध्ये क्वार्टरबॅक म्हणून सुरुवातीपासून खेळलेले अवघे 19 सामने आले, हे त्याचे मोल होते.

राहिला अहंकाराचा आरोप. तो करणाऱ्यांना या सल्ल्याचा इतिहास ठाऊक नसावा, किंवा सोयीने विसरला असावा. कृष्णवर्णीय खेळाडू पळू शकतो, झेलू शकतो, पण संघ चालवण्याची अक्कल त्याच्यात नसते, हा समज अमेरिकेत अनेक दशके उघडपणे बाळगला गेला. मार्लिन ब्रिस्को 1968 मध्ये डेन्व्हरकडे बचावपटू म्हणून आला, संघ अडचणीत आल्यावर क्वार्टरबॅक झाला, आणि त्या एका हंगामात त्याने 14 टचडाऊन पास फेकले. पुढच्या वर्षी त्याला त्या जागेसाठी स्पर्धा करण्याचीही संधी दिली गेली नाही. बफेलोने त्याला रिसीव्हर केले, 1970 मध्ये त्याने 1036 यार्ड काढले, आणि 1972 च्या अपराजित मायामी संघातही तो होता. स्थान बदलून यशस्वी झालेल्यांच्या यादीत त्याचे नाव अभिमानाने घेतले जाते. तो फेकू शकत नव्हता म्हणून त्या यादीत आला नाही, एवढे मात्र कोणी सांगत नाही.

वॉरन मून या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकने तो सल्ला मानला नाही. जानेवारी 1978 च्या रोझ बोल या मानाच्या कॉलेज सामन्यात वॉशिंग्टनला मिशिगनविरुद्ध जिंकवून सामन्याचा मानकरी ठरल्यावरही त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये त्याला एकाही संघाने घेतले नाही. तो कॅनडात एडमंटनला गेला, तिथल्या लीगचे विजेतेपद असलेला ग्रे कप सलग पाच वेळा जिंकला, 1984 मध्ये ह्यूस्टनला आला आणि 2006 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला. याला अहंकार म्हणायचे असेल तर शब्दांवर भांडण्यात अर्थ नाही.

हे सगळे जुन्या काळाचे आहे असे म्हणणाऱ्यांसाठी 2018 चा ड्राफ्ट पुरेसा आहे. लुइव्हिलचा कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक लमार जॅक्सन 2016 चा हाइझमन, म्हणजे कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराचा, विजेता होता. तरीही इंडियानापोलिस संघाचे माजी सर्वेसर्वा बिल पोलियन यांनी त्याने रिसीव्हर व्हावे असे जाहीरपणे म्हटले. जॅक्सनने रिसीव्हर म्हणून चाचणी द्यायला नकार दिला, तो पहिल्या फेरीत शेवटचा, 32व्या क्रमांकावर गेला, आणि दुसऱ्याच हंगामात 36 टचडाऊन पास फेकून एकमताने लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पोलियन यांनी नंतर आपले मत चुकल्याचे मोकळेपणाने सांगितले, हा त्यांचा मोठेपणा. पण त्याच ड्राफ्टमध्ये, सातव्या क्रमांकावर, वायोमिंगचा गोरा क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलन बफेलोने घेतला होता. कॉलेजच्या शेवटच्या हंगामात त्याचे पास 56 टक्केच जागेवर पोहोचत होते, जॅक्सनच्या त्याच हंगामाहून कमी. तोही उंचापुरा, पळणारा, धडका घेणारा होता. त्याच्याबद्दल सगळ्यांचे म्हणणे एकच होते, की हाताला वळण लागायला वेळ द्या. बफेलोने तो दिला, आणि 2020 मध्ये त्याचे 69 टक्के पास जागेवर पोहोचले.