‘त्या काळाची माणसे’ म्हणजे नेमकी कोण?

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २०२६ मध्ये अडीचशे वर्षे होत असल्यामुळे वॉशिंग्टन, जेफरसन, मॅडिसन या संस्थापकांच्या पिढीविषयीचा जुना वाद पुन्हा तापला आहे: समतेची भाषा बोलणाऱ्या या माणसांनी स्वतः गुलाम बाळगले, हा त्यांच्यावरचा आरोप. एका बाजूला न्यूयॉर्क टाइम्सचा २०१९ मधील ‘१६१९’ हा उपक्रम आहे. व्हर्जिनियात आफ्रिकन गुलाम आणले गेले त्या वर्षापासून अमेरिकेचा इतिहास वाचावा, असे तो सांगतो. दुसऱ्या बाजूला, त्याला उत्तर म्हणून ट्रम्प यांनी नेमलेला ‘१७७६ आयोग’ होता; त्याचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला आणि दोनच दिवसांनी, सत्तेवर येताक्षणी, बायडन यांनी तो आयोग बरखास्त केला. या वादात संस्थापकांच्या बचावासाठी हमखास पुढे येणारा युक्तिवाद असा, की त्यांना आजच्या नव्हे, त्यांच्या काळाच्या मापाने मोजावे. मला ही अट मान्य आहे. अडचण एवढीच, की ते माप लावले तर आरोप सौम्य न होता अधिकच कडक होतो.

१७९१ मध्ये व्हर्जिनियातलाच एक बडा जमीनदार रॉबर्ट कार्टर याने साडेचारशेहून अधिक गुलामांना टप्प्याटप्प्याने मुक्त करण्याचा दस्तऐवज नोंदवला. त्याच वर्षी बेंजामिन बॅनेकर या स्वतंत्र कृष्णवर्णीय खगोलाभ्यासकाने जेफरसन यांना पत्र लिहून त्यांचेच, जाहीरनाम्यातले, ‘सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत’ हे वाक्य त्यांच्यापुढे धरले. संस्थापकांपैकीच एक आणि स्वतः कधीकाळी गुलाम बाळगणारे बेंजामिन फ्रँकलिन यांनी मृत्यूपूर्वी काही आठवडे, १७९० मध्ये, गुलामगिरीविरुद्धच्या अर्जावर सही करून तो काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, पाठवला. म्हणजे पर्याय दिसत नव्हता असे नाही. दिसत होता, समोर मांडलाही गेला होता, आणि तो महाग पडणार होता.

वॉशिंग्टन यांचे उदाहरण तर जवळून पाहण्यासारखे आहे. राष्ट्राध्यक्ष म्हणून ते फिलाडेल्फियात राहत असताना पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार, परराज्यातून येऊन तिथे स्थायिक होणाऱ्या मालकाचे गुलाम सहा महिन्यांनंतर मुक्तीचा हक्क सांगू शकत होते. म्हणून मुदत भरण्याआधी आपल्या घरातल्या गुलामांना राज्याबाहेर नेऊन परत आणण्याची व्यवस्था वॉशिंग्टन यांनी केली, आणि त्यामागचा हेतू कोणाला कळू नये, असेही सचिवाला कळवले. त्याच घरातून मे १७९६ मध्ये ओना जज ही तरुण दासी, मालक मंडळी जेवायला बसलेली असताना, बाहेर पडली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरला पोहोचली. तिथल्या जकात अधिकाऱ्यामार्फत तिने निरोप दिला, की मालक-मालकिणीच्या पश्चात आपल्याला मुक्त करण्याचे वचन मिळाले तर आपण परत येऊ. वॉशिंग्टन यांनी असा सौदा साफ नाकारला. तीन वर्षांनी त्यांच्याच मृत्युपत्राने १२३ जणांच्या मुक्तीची तरतूद केली, हेही खरे. पण ओना ही पत्नीच्या पहिल्या पतीच्या मालमत्तेतली असल्यामुळे त्या यादीत नव्हती, आणि १८४८ मध्ये ती वारली तेव्हाही कायद्याच्या लेखी ती पळालेली गुलामच होती. ‘त्या काळाची माणसे’ असे म्हणताना आपण ओनाला मोजत नसू, तर तो काळ फक्त मालकांचा धरला आहे.

तरीही या पिढीचे पुतळे हलवले की हिशेब मिटला, असे मला वाटत नाही. (न्यूयॉर्कच्या सिटी हॉलमधला जेफरसन यांचा पुतळा २०२१ मध्ये हलवला गेला, त्याबद्दल मला ना आनंद, ना खंत.) पुतळ्यांपेक्षा गंभीर प्रश्न न्यायालयातला आहे. शस्त्रे बाळगण्याच्या हक्काविषयीच्या २०२२ च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की आजचे निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी जुळले पाहिजेत. अठराव्या शतकातल्या लोकांना काय अभिप्रेत होते, याचा शोध आता एकविसाव्या शतकातल्या पिस्तुलांसाठी घेतला जातो. गंमत म्हणजे खुद्द जेफरसन यांनी १७८९ मध्ये मॅडिसन यांना लिहिले होते, की पृथ्वी जिवंत माणसांची आहे, आणि म्हणून प्रत्येक राज्यघटना १९ वर्षांनी आपोआप संपावी. मॅडिसन यांना ते पटले नाही, म्हणजे संस्थापकांचे ‘मत’ एकच कधी नव्हतेच.

डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात जेफरसन यांचा नेमका हाच विचार उद्धृत केला, की कोणतीही पिढी पुढच्या पिढीला बांधून ठेवू शकत नाही, आणि राज्यघटनेत दुरुस्तीची वाट का ठेवली आहे ते सांगितले. त्यापूर्वी जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील लोकांना अर्पण केले, तेही जाहीरनामा लिहिल्याबद्दल नव्हे, तर गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल. अमेरिकी संस्थापकांच्याच पिढीतल्या टॉमस पेन यांचे ग्रंथ जोतीरावांनी तरुणपणीच वाचले होते. ‘कॉमन सेन्स’ लिहून १७७६ मध्ये वसाहती पेटवणारे हे पेन १८०९ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या दफनाला अगदी मूठभर माणसे होती. धर्मसत्तेवर टीका केल्यामुळे त्यांच्या देशाने त्यांना केव्हाच टाकले होते. संस्थापक म्हणून कोणाकोणाला मोजायचे, हा निवाडाही त्या पिढीच्या हयातीतच सुरू झाला होता.