उंटांचं पोस्टकार्ड: बिकानेर की एडन?

नमस्कार. उंट आणि शिपाई असलेल्या एका जुन्या पोस्टकार्डावर मी लेख लिहिला आणि ते एडनचं (आताच्या येमेनमधलं बंदर), 1900 सालचं असं म्हटलं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण लेख नीट वाचून लिहिली आहे, म्हणून दोन ओळींत आटपत नाही.

तुमचं म्हणणं असं: तिकीट भारताचं, शिपाई फेटेवाले, उंटांच्या पाठीवर मदार (उंचवटा) एकच. म्हणजे ही बिकानेर संस्थानाची उंटस्वारांची पलटण, गंगा रिसाला. एडन मी कुठून काढलं? शिवाय 1900 सालही चुकीचं, आणि एकूण लेखात साहेबाच्या राजवटीचे गोडवे.

आधी चूक कबूल करतो. सालाबाबत तुम्ही बरोबर आहात. तिकिटावर सातव्या एडवर्डचा चेहरा आहे आणि तो गादीवर आला 1901 मध्ये. तुमच्यामुळे भिंग घेऊन पुन्हा बसलो. हिरव्या अर्ध्या आण्याच्या तिकिटावर 'पोस्टेज'च्या जोडीला 'रेव्हेन्यू' हा शब्दही आहे, आणि ती तिकिटं 1906 ची. म्हणजे कार्ड त्याआधी टपालात पडलेलं नाही. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण तिकिटावरून गाव ठरत नाही. एडन इंग्रजांनी 1839 मध्ये घेतलं आणि 1932 पर्यंत ते मुंबई इलाख्यातच होतं. तिथे भारताचीच तिकिटं चालत, थेट 1937 पर्यंत. शिबंदीतही हिंदी पलटणी असायच्या, त्यामुळे फेट्याचा पुरावाही लंगडाच. आपल्या वासुदेव बळवंत फडक्यांना ठेवलं ते एडनच्याच तुरुंगात. 1883 मध्ये तिथेच ते गेले. आणि एक मदार अरबस्तानातल्या उंटालाही असते हो! दोन मदारींचे पाहायचे तर लडाखात नुब्राला जावं लागेल.

शिक्का अर्धवट उमटलाय. ए, डी, ई एवढंच वाचता येतं. त्यावरही मी विसंबत नाही, कारण बोटीवरचे प्रवासी कुठलंही कार्ड एडनला टपालात टाकू शकत. माझा भरवसा चित्रावर आहे. मागे काळे, करवतीसारखे दातेरी डोंगर आहेत, झाडाचं नाव नाही. एडनची जुनी वस्ती विझलेल्या ज्वालामुखीच्या पोटात आहे. बिकानेरभोवती असले डोंगर कुठून आणणार? दुसरं म्हणजे गंगा रिसालाचे उंट स्वारीचे, पाठीवर खोगीर असलेले. इथे उंट दोन दांड्यांमध्ये जुंपलाय आणि मागच्या दुचाकी गाडीवर आडवं पिंप आहे. एडनमध्ये पाऊस नावापुरता, पाणी लांबून आणावं लागे, आणि ते ओढायला उंटच. पिंपाखालच्या मातीवर एक गडद डाग आहे. मला तो गळक्या पाण्याचा वाटतो. छपाईची शाई सांडली असेल असं माझा भाऊ म्हणतो.

राहिले गोडवे. 'रुबाबदार' हा शब्द मी शिपायांना वापरला, तो आता मलाही खटकतो. पण लेखाचा अर्धा भाग गाडीवानावर होता, तो तुमच्या नजरेतून सुटला का? गणवेशवाले तिघे बरोबर मधोमध, आणि उंटाची दोरी धरलेला अनवाणी माणूस उजव्या कडेला, चेहरा अर्धा कापलेला. खालच्या छापील ओळीत उंट आहेत, शिपाई आहेत, तो नाही. आज रात्री मोठा स्कॅन चढवतो. त्याच्या हातातली दोरी बघा, दोन ठिकाणी गाठ मारून जोडलेली आहे.