तापवल्याने सूत्रकृमी नर होत नाही

पुण्यातल्या विज्ञान-गटांत एक मेसेज फिरतोय: 'सी. एलिगन्स हा सूत्रकृमी गांडुळासारखाच, एका अंगात नर आणि मादी. वाय गुणसूत्र नाही, म्हणजे लिंग जनुकांवर ठरत नाही. कृमी वाढवायची प्लेट ३० अंशांवर ठेवा, कृमी नर होतात.' तिन्ही वाक्यांत गफलत आहे, शेवटच्यात सगळ्यात मोठी.

आधी गांडूळ. सोसायटीच्या खतपेटीतली दोन गांडुळं जुळली की दोघं एकमेकांना शुक्रपेशी देतात. सी. एलिगन्सच्या दोन उभयलिंगी कृमींना हे जमतच नाही. शरीर मादीचंच, फक्त जननग्रंथी चौथ्या अळी अवस्थेत सुमारे ३०० शुक्रपेशी बनवून साठवते आणि मग कायमची अंडपेशींकडे वळते. म्हणून एकट्या कृमीला पिल्लंही ३००च्या आसपासच.

वाय खरंच नाही. मोजले जातात ते एक्स, इतर गुणसूत्रांच्या तुलनेत. दोन असले तर उभयलिंगी, एक असला तर नर. एकच एक्स असला की झॉल-१ जनुक जोरात चालतं आणि हर-१ला वाट मिळते. हर-१ ट्रा-२ला दाबतं, मग मोकळी सुटलेली फेम जनुकं ट्रा-१चा, म्हणजे शरीर मादीचं ठेवणाऱ्या जनुकाच्या प्रथिनाचा, काटा काढतात. ट्रा-१ पुरतं बिघडवलं तर दोन एक्स असूनही शरीर नराचं होतं. आता म्हणा, जनुकांचा संबंध नाही!

जननग्रंथीचा कारभार आणखी वेगळा. तिथे फॉग-२ आणि जीएलडी-१ ही दोन जनुकं मिळून ट्रा-२चं प्रथिन काही काळ बनू देत नाहीत, तेवढ्यात शुक्रपेशी होतात. फॉग-२ बिघडलेल्या दोन एक्सच्या कृमीचं शरीर जसंच्या तसं राहतं, पण शुक्रपेशी शून्य. सूक्ष्मदर्शकाखाली ग्रंथीत अंडपेशी नाण्यांच्या चळतीसारख्या दाटलेल्या दिसतात. हा वाण सांभाळताना नव्या प्लेटवर नर टाकायला विसरलात, तर वाण संपला.

आता ३० अंश. चौथ्या अवस्थेतल्या अळ्या ४ ते ६ तास ३० अंशांवर ठेवून परत २० अंशांवर आणल्या, की ३-४ दिवसांनी पंख्यासारख्या शेपटीचे नर दिसतात, हे खरं. पण ते पिल्लांमध्ये! तापवलेली अळी उभयलिंगीच राहते. उष्णतेने तिच्या जननपेशींत एक्सची वाटणी चुकते, काही पिल्लांना एकच एक्स मिळतो. न तापवताही हजारात एखाददुसरा नर असाच निघतो. जास्त तास ठेवाल तर वांझपणा येतो. मे महिन्यात रात्री वीज जाऊन इन्क्युबेटर तापला, तर नरांऐवजी बहुधा हेच हाती लागेल.

फेम-३चा एक बदललेला प्रकार २५ अंशांवर फक्त शुक्रपेशी बनवतो, हेही गोंधळाचं मूळ असू शकेल. पण तिथेही दोष आधी जनुकात आहे, आणि शरीर मादीचंच राहतं.

परिस्थितीने नर होणारे सूत्रकृमी आहेत, नाही असं नाही: डाळिंबाच्या मुळांवर गाठी करणारे. गर्दी झाली, अन्न कमी पडलं की त्यांच्यात नर वाढतात. तिथे मात्र मादी व्हायला निघालेली अळी स्वतःच नर होऊ शकते.